मॅग्नेट चिकटत नाही, तरी रेलिंगवर गंजाचे ठिपके का?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. गुहागरजवळ घर, समुद्र हाकेच्या अंतरावर, दीड वर्षापूर्वी गॅलरीला आणि पडवीला एसएसचं (स्टेनलेस स्टीलचं) रेलिंग बसवलं, आता त्यावर तपकिरी ठिपके आलेत, वेल्डिंगच्या आसपास जास्त आणि गंमत म्हणजे पावसात भिजणाऱ्या गॅलरीपेक्षा छपराखालच्या पडवीत जास्त. फॅब्रिकेटर म्हणतो, मॅग्नेट लावून बघा, चिकटत नाही, ओरिजिनल ३०४ (स्टेनलेसचा नेहमीचा चांगला ग्रेड) आहे. आणि इंजिनिअरिंगला असलेला भाचा म्हणतो, मावशी, स्टेनलेसवरच्या ऑक्साईडच्या थराला बारीक छिद्रं असतात, तिथून गंज शिरतो. तर माल डिफेक्टिव्ह आहे का, आणि आता करायचं काय?

भाचा अर्धा बरोबर आहे. फॅब्रिकेटर बहुतेक चूक. मी सव्वीस वर्षं केमिकल आणि फार्मा प्लांटमधल्या एसएसच्या टाक्या, पाइप, रिॲक्टर यांचं इन्स्पेक्शन करतोय, त्यातली बरीच वर्षं कोकणपट्टीतच गेली, त्यामुळे हे ठिपके माझ्या चांगल्याच ओळखीचे आहेत.

आधी मॅग्नेटचं मिटवून टाकू. २०२ नावाचा जो स्वस्त ग्रेड बाजारात मिळतो, त्यालासुद्धा मॅग्नेट चिकटत नाही. त्यात निकेल फार कमी असतं, त्याची भरपाई मँगनीज घालून करतात आणि बाजारात २०२ म्हणून जे विकलं जातं त्यात क्रोमियमही पुष्कळदा कमीच निघतं. उलट अस्सल ३०४ चा पाइप मशीनवर वाकवला की त्या बेंडला मॅग्नेट थोडासा ओढतो, कारण थंडपणी वाकवताना आतली रचना काही प्रमाणात बदलते. म्हणजे या टेस्टने खरा माल नापास होऊ शकतो आणि खोटा पास. मॅग्नेटवर ग्रेड ठरवणं म्हणजे रंग बघून आंबा हापूस ठरवण्यासारखं आहे. मोठ्या भंगारवाल्यांकडे किंवा टेस्टिंग लॅबमध्ये पिस्तुलासारखं एक यंत्र असतं, पीएमआय गन म्हणतात, ते पाइपला टेकवलं की काही सेकंदांत क्रोमियम किती, निकेल किती, मॉलिब्डेनम (खड्डे रोखणारा धातू) आहे का ते स्क्रीनवर येतं. तेवढं एकदा करून घ्या, भांडायचं असेल तर हातात कागद पाहिजे.

आता भाच्याच्या मुद्द्याकडे येतो, खरी मजा तिथे आहे.

स्टेनलेस म्हणजे न गंजणारं लोखंड असं आपण समजतो, पण ते तसं नाहीये. त्यातलं सत्तर टक्क्यांच्या आसपास लोखंडच असतं आणि लोखंडाला गंजायला आवडतं. फक्त त्यात साधारण साडेदहा टक्क्यांच्या वर क्रोमियम गेलं की हवेतला ऑक्सिजन लागताच पृष्ठभागावर क्रोमियमच्या ऑक्साईडचा एक पापुद्रा धरतो आणि तो खालच्या धातूला झाकून टाकतो. ३०४ मध्ये क्रोमियम १८ टक्क्यांच्या आसपास असतं. या पापुद्र्याची जाडी दोन-तीन नॅनोमीटर, म्हणजे फार तर दहा-बारा अणूंचे थर. वहीचा कागद ०.१ मिलिमीटर धरला तर त्याच्या जाडीत असे तीस ते पन्नास हजार पापुद्रे बसतील. एवढ्याशा गोष्टीच्या जिवावर आपण समुद्रकाठी रेलिंगं लावतोय!

साध्या लोखंडावरही ऑक्साईड येतोच की, त्यालाच आपण गंज म्हणतो. पण तो मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा खातो, फुगतो, भेगाळतो, पोपडे धरून गळतो आणि खाली नवं लोखंड उघडं पडतं. क्रोमियमचा पापुद्रा मात्र घट्ट बसतो आणि त्याची खरी करामत पुढे आहे, तो फाटला तर आपोआप परत धरतो. गरम दुधावरची साय बोटाने बाजूला केली की थोड्या वेळाने परत धरते ना, तसंच, फक्त इथे ते सेकंदाच्याही आत होतं. रेलिंगला अंगठी घासली, किल्लीचा ओरखडा गेला, तरी तो भरून येतो. पेंटचं तसं नसतं, पेंटला ओरखडा गेला की गेला.

हे कोडं जुनं आहे. १८३६ साली इंग्लिश शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडे यावर डोकं खाजवत होता. लोखंड सौम्य नायट्रिक ॲसिडमध्ये टाकलं की फसफसून विरघळतं, पण तेच अगदी तीव्र ॲसिडमध्ये टाकलं की काहीच होत नाही, गप्प पडून राहतं. बरं, नंतर त्या ॲसिडमध्ये हळूच पाणी घालून सौम्य केलं तरी ते गप्पच. आणि मग त्याला नुसता एक ओरखडा मारला, की एकदम खवळतं आणि तपकिरी धूर सोडत विरघळायला लागतं. फॅरेडेचा अंदाज होता की पृष्ठभागावर ऑक्सिडेशनमुळे काहीतरी आवरण येत असणार, आणि तो बरोबर निघाला. (घरी करून बघू नका, तो धूर विषारी असतो.) एका ओरखड्याने सगळा खेळ उलटतो हे तिथेच दिसलं होतं. साध्या लोखंडाचा तो पापुद्रा परत धरत नाही, स्टेनलेसचा धरतो, एवढाच फरक आणि तोच सगळा फरक.

मग छिद्रांचं काय? तर पापुद्रा निर्दोष कधीच नसतो. कुठल्याही कंपनीचा, कुठल्याही ग्रेडचा. अणूंच्या पातळीवर बघितलं तर त्यात कुठे ऑक्सिजनची जागा रिकामी असते, कुठे क्रोमियमची. गंजावर संशोधन करणारे डिग्बी मॅकडोनाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये या रिकाम्या जागांवरच अख्खं मॉडेल मांडलं. त्यांचं म्हणणं असं, की मिठातला क्लोराईड त्या रिकाम्या जागांत शिरतो, त्यामुळे आणखी रिकाम्या जागा तयार होतात, त्या सरकत सरकत धातू आणि पापुद्रा यांच्या सांध्यात जाऊन साठतात आणि मग तिथे पापुद्रा खालून पोकळ होऊन कोसळतो. म्हणजे भाचा म्हणतो तसं चाळणीसारखं आरपार भोक असायलाच पाहिजे असं नाही, खालून पोखरलेली जमीन खचावी तसं ते असतं.

पण प्लांटमध्ये आणि तुमच्या रेलिंगवर जे खड्डे पडतात, त्यांची सुरुवात बहुतेक वेळा याहून मोठ्या खोडीपासून होते. स्टीलमध्ये थोडं गंधक राहतंच, ३०४ मध्ये ०.०३ टक्क्यांपर्यंत चालतं. ते मँगनीजबरोबर मिळून मँगनीज सल्फाईडचे कण बनवतं, मायक्रोनभराचे (मायक्रोन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), डोळ्यांना न दिसणारे, भाकरीच्या पिठात बारीक खडे राहावेत तसे. पृष्ठभागावर असा कण आला की तिथे पापुद्रा नीट बसत नाही. वर तो कण विरघळला की त्यातलं गंधक बाहेर येऊन आसपासचा पापुद्रा परत धरू देत नाही. २००२ साली लंडनच्या संशोधकांनी दाखवलं की या कणांच्या भोवती धातूतच एक बारीक पट्टा असतो जिथे क्रोमियम कमी पडलेलं असतं. त्याची बरीच चर्चा झाली, पण पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका टीमला त्यांच्या नमुन्यांत असा पट्टा सापडला नाही, त्यामुळे सगळ्या स्टीलला तो लागू आहे असं मी म्हणणार नाही. कणापासून खड्डा सुरू होतो यावर मात्र फारसा वाद नाही. म्हणूनच ३०३ नावाचा ग्रेड, ज्यात लेथवर सहज कापलं जावं म्हणून मुद्दाम गंधक वाढवलेलं असतं, त्याचे बोल्ट समुद्रकाठी लावले की बाकी रेलिंग चकचकीत आणि बोल्टच्या डोक्याखालून तपकिरी ओघळ, असं दिसतं. तुमचे बोल्ट बघा एकदा.

आता खड्डा पडतो कसा ते बघा, कारण सगळं गणित इथेच फिरतं. चांगल्या पापुद्र्यातूनसुद्धा धातू झिरपत असतो, पण फार फार तर वर्षाला मायक्रोनभर. तुमचा पाइप १.२ मिलिमीटर जाडीचा असेल तर या हिशोबाने तो संपायला हजारेक वर्षं लागायला पाहिजेत. तरीपण असे पाइप तीन-चार वर्षांत आरपार भोक पडलेले मी पाहिलेत, आणि भोकाच्या शेजारी बोटभर अंतरावर पृष्ठभाग आरशासारखा. कारण काय, तर सगळी झीज एका टाचणीच्या टोकाएवढ्या जागेवर एकवटते. एकदा खड्डा सुरू झाला की आत विरघळलेलं क्रोमियम आणि लोखंड पाण्याशी मिळून ॲसिड बनवतं, आतलं पाणी लिंबाच्या रसापेक्षा आंबट होतं, त्या ॲसिडकडे बाहेरचा क्लोराईड ओढला जातो, त्याने अजून धातू विरघळतो, अजून ॲसिड. ऑक्सिजन आत पोहोचतच नाही, मग पापुद्रा धरणार कसा? आणि बाहेरचा मोठा शाबूत पृष्ठभाग उलट त्या बिचाऱ्या खड्ड्यावर जोर लावतो, बाहेर ऑक्सिजन खर्च होतो आणि त्याचं बिल खड्डा भरतो.

लॅबमध्ये नमुना मिठाच्या पाण्यात टाकून करंट मोजत बसलं की चार्टवर मधूनच काट्यासारख्या बारीक उड्या दिसतात, वर जाते, काही सेकंदांत खाली येते. प्रत्येक उडी म्हणजे एक खड्डा जन्मला आणि मेला. बहुतेक मरतातच. एखादाच तग धरतो. माझ्या मते भाच्याने विचारायला पाहिजे होतं ते हे, की पापुद्र्याला खोडी असतातच, पण तुमच्याकडे त्या भरून का येत नाहीयेत?

याची कारणं तुमच्या पोस्टमध्येच आहेत, तुम्ही छान निरीक्षण केलंय. पहिलं, पडवी. गॅलरीवर जूनपासून सप्टेंबरपर्यंत पावसाची झड बसते आणि साठलेलं मीठ धुऊन जातं. पडवीतल्या रेलिंगला खारा वारा लागतो पण पाऊस कधीच लागत नाही, म्हणजे मीठ वर्षभर साठतच राहतं. आणि समुद्राच्या मिठात नुसतं सोडियम क्लोराईड नसतं, मॅग्नेशियम क्लोराईडही असतं. साधं मीठ हवेत ७५ टक्क्यांच्या वर आर्द्रता गेली की पाणी ओढतं (पावसाळ्यात बरणीतलं मीठ पाझरतं तेच), पण मॅग्नेशियम क्लोराईड ३३ टक्क्यांलाच ओढायला लागतं. कोकणात त्याच्या खाली आर्द्रता जाते कधी? म्हणजे रेलिंग कोरडं दिसलं तरी त्यावर खाऱ्या पाण्याचा अदृश्य थर बसलेलाच असतो, आणि दुपारच्या उन्हाने तो आटून आणखी तीव्र होतो. ऑस्ट्रेलियात या तपकिरी डागांना चहाचे डागच म्हणतात आणि तिथली स्टेनलेसवाल्यांची संघटना खुल्या समुद्रापासून पाच किलोमीटरच्या आत किमान ३१६ (३०४ च्या वरचा, मॉलिब्डेनम असलेला ग्रेड) वापरा म्हणून सांगते. तुमचं घर तर लाटांचा आवाज येतो म्हणता.

दुसरं, वेल्डिंग. आर्गॉन वेल्डिंग केलं की सांध्याच्या दोन्ही बाजूंना पिवळा, निळा, जांभळा पट्टा येतो, दिसायला इंद्रधनुष्यासारखा. तो रंग म्हणजेसुद्धा ऑक्साईडच, पण नको तसला. तापल्यामुळे जाड झालेला, भेगाळ, आणि तो बनताना खालच्या धातूतलं क्रोमियम खाऊन बसलेला. म्हणजे वर फुटका थर आणि खाली क्रोमियम कमी पडलेला धातू. तो पिकलिंग करून, म्हणजे खास ॲसिडने खाऊन, काढायचा असतो. आपल्याकडे साइटवर काय होतं? पोरगा ग्राइंडर घेतो, ज्या डिस्कने सकाळी एमएसचं, म्हणजे साध्या लोखंडाचं, गेट घासलं त्याच डिस्कने एसएस घासतो, वरून बफ मारतो, चकचकीत झालं, बिल द्या. त्या डिस्कमधले साध्या लोखंडाचे कण एसएसवर रुतून बसतात, ते पहिल्या महिन्यातच गंजतात आणि त्यांच्याखाली पापुद्र्याला ऑक्सिजन मिळत नाही. तारेच्या ब्रशने घासलं तरी हेच.

तिसरं मी तुम्हाला विचारतो: घराचं काम संपताना टाइल्स ॲसिडने धुतल्या होत्या का? बहुतेक ठिकाणी धुतात. ते ॲसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक, क्लोराईड आणि ॲसिड दोन्ही एकत्र, पापुद्र्याचा सख्खा वैरी. जमिनीवर ओतलेल्या ॲसिडची वाफसुद्धा रेलिंगच्या खालच्या हातभर भागाला पुरते. ठिपके खालच्या बाजूला दाट असतील तर हेच समजा. बाथरूममधल्या ब्लीचचंही तसंच.

माझीच एक फजिती सांगतो. नोकरीला लागून चार-पाच वर्षं झाली होती. एका प्लांटमध्ये ३०४ च्या नव्या टाकीची पाणी भरून टेस्ट घेतली, जवळच्या बोअरवेलचं पाणी, गळती काही नाही, मी सही केली. दिवाळी तोंडावर होती, सगळे गावाला पळाले, पाणी तसंच टाकीत राहिलं, काढून टाका असं मी तोंडी सांगितलं होतं पण लिहून दिलं नव्हतं. तीन आठवड्यांनी रिकामी केली तर तळाच्या वेल्डजवळ गाळाखाली टाचणीने टोचावेत तसे खड्डे. खारट पाणी, तळाला गाळ, हालचाल शून्य, गाळाखाली ऑक्सिजन नाही. टाकीने एक दिवसही काम केलेलं नव्हतं. तेव्हापासून पाणी भरायच्या आधी क्लोराईडचा रिपोर्ट आणि टेस्ट संपली की त्याच दिवशी टाकी रिकामी करून पुसून कोरडी, हे मी लेखी घेतल्याशिवाय सही करत नाही. लोक खडूस म्हणतात, म्हणू देत.

नुसते डाग म्हणून सोडून द्यायचं का, असंही विचारलंत. हातापुरतं रेलिंग असेल तर बहुतेक वेळा ते दिसायलाच वाईट असतं. पण वजन पेलणारी गोष्ट असेल तर नाही. स्वित्झर्लंडमध्ये उस्टर गावात ९ मे १९८५ ला एका इनडोअर स्विमिंग पूलचं काँक्रीटचं छत कोसळलं, १२ माणसं गेली. छत स्टेनलेसच्या सळ्यांवर टांगलेलं होतं. स्विमिंग पूलच्या पाण्यातला क्लोरीन हवेतून त्या सळ्यांवर बसत होता, तिथे धुणारं कोणी नाही, बघणारं कोणी नाही, आणि ताणाखाली असलेल्या धातूत पापुद्रा जिथे तुटला तिथून भेगा आत गेल्या. म्हणून तुमच्याकडे कुठे काचेचं छप्पर किंवा झोपाळा एसएसच्या रॉडवर टांगला असेल तर तो आधी बघा, रेलिंग नंतर.

आता करायचं काय. तारेची घासणी, ॲसिड, ब्लीच, तिन्ही बंद. ठिपके हिरव्या नायलॉनच्या स्क्रबरने पाइपवरच्या रेघा ज्या दिशेने आहेत त्याच दिशेने घासा, साबणाचं पाणी चालेल. मग किराणा दुकानात लिंबूसत्व मिळतं, तेच सायट्रिक ॲसिड, ते लिटरभर कोमट गोड्या पाण्यात १०० ग्रॅम विरघळवा, सुती फडकी भिजवून पाइपला गुंडाळून अर्धा तास ठेवा, सुकू देऊ नका, मग भरपूर पाण्याने धुऊन कोरडं पुसा. त्याने रुतलेलं साधं लोखंड विरघळून जातं आणि पापुद्र्याला नव्याने धरायला स्वच्छ जागा मिळते. फार्मामध्ये आम्ही हेच करतो, फक्त बिलात त्याला पॅसिव्हेशन म्हणतात. खाली मार्बल किंवा कडप्पा असेल तर प्लास्टिक अंथरा, नाहीतर लादीवर डाग पडतील.

वेल्डचा रंगीत पट्टा मात्र लिंबूसत्वाने जाणार नाही. त्याला पिकलिंग पेस्ट लागते, आणि त्यात हायड्रोफ्लोरिक ॲसिड असतं, जे कातडीवर पडलं तर सुरुवातीला फार दुखतसुद्धा नाही आणि आत हाडापर्यंत जातं. हे घरी स्वतः करायचं नाही म्हणजे नाही. सवय असलेला, हातमोजे-चष्मा घालून काम करणारा आणि त्यावरचा उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट जेल जवळ ठेवणारा माणूस मिळाला तरच. नाही मिळाला तर नव्या कोऱ्या, फक्त एसएससाठी वापरलेल्या फ्लॅप डिस्कने तो पट्टा पूर्ण घासून काढून बारीक पॉलिश करून घ्या आणि वर लिंबूसत्व. पॉलिश जितकं बारीक तितकं मीठ कमी अडकतं. त्यावर लॅकर (पारदर्शक वॉर्निश) मारून देतो असं कोणी म्हणालं तर नको म्हणा, लॅकरला ओरखडा गेला की त्याच्या कडेखाली खारं पाणी शिरून बसतं आणि मग ते दिसतही नाही.

आणि पडवीतलं रेलिंग वर्षभर दर पंधरा दिवसांनी गोड्या पाण्याने धुवायचं. झाडांना पाणी घालता त्याच पाइपने पाच मिनिटं. विहिरीचं पाणी मचूळ असेल तर ते वापरू नका.

पुढे कधी नवीन करायचं झालं तर ३१६ घ्या. त्यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, ते खड्ड्याला तग धरू देत नाही. खड्डे सोसायची ताकद मोजायचं एक ढोबळ गणित आहे, क्रोमियम अधिक मॉलिब्डेनमच्या ३.३ पट अधिक नायट्रोजनच्या १६ पट. ३०४ ला अठरा-एकोणीस गुण मिळतात, ३१६ ला चोवीसच्या आसपास, २२०५ नावाच्या ड्युप्लेक्स स्टेनलेसला (स्टेनलेसचाच आणखी एक प्रकार) पस्तीस. पण ३१६ घेऊन वेल्ड तसेच ठेवले तर पैसे पाण्यात, खाऱ्या पाण्यात.

अॅल्युमिनियमच्या खिडक्यांवर पांढरे चट्टे आहेत असं शेवटी एका ओळीत लिहिलंत. तो वेगळा विषय, पण ते बहुधा प्लास्टरचे शिंतोडे असणार. अॅल्युमिनियमचा पापुद्रा ॲसिडमध्येही विरघळतो आणि सिमेंट-चुन्यासारख्या अल्कलीमध्येही. ते चट्टे आता जाणार नाहीत.

फॅब्रिकेटरशी बोलायच्या आधी एक काम करा. प्रत्येक खांबाच्या बुडाशी जो गोल कप असतो, लादीवर टेकलेला, तो वर सरकवून बघा. तिथे पाणी आणि मीठ साठतं, हवा जात नाही, आणि वरून काहीच दिसत नाही. आत तपकिरी चिखल असेल तर पुसून जाड सुई घ्या आणि खड्ड्यात टोचून बघा. टोक नुसतं अडलं तर लिंबूसत्व, धुणं आणि कपाच्या कडेला पाणी न साठू देणं एवढ्यावर भागेल. सुई आत गेली तर तो खांब बदलायचा, आणि तोपर्यंत मुलांना त्या रेलिंगला टेकू देऊ नका. गनचा रिपोर्ट आणि कपाखालचे फोटो पाठवा, मग कुठले खांब ठेवायचे ते सांगतो.